ताट रिकामे परत जाऊ नये

आगमनकाळासाठी अभ्यासपाठ (घरी वाचण्यासाठी व विभागसभेत चर्चेसाठी)

वाचावयाचे शास्त्रपाठ: निर्गम १२:१-४ • एस्तेर ९:२०-२८ • लूक २:४१-४४ • लूक १४:१२-१४ • १ करिंथ १०:२३-३३



दिवाळी होऊन गेली. शेजारून आलेला फराळ संपला, पण त्यांची ताटे आणि डबे अजून आपल्या मांडणीवर आहेत. आता आगमनकाळ सुरू झाला आहे. थोड्याच दिवसांत घराघरांत नेवऱ्या आणि कुलकुल तळण्याची गडबड उडेल, केकचा वास सुटेल, आणि ती ताटे भरून परत जातील. शेजारच्या घरचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यावी, हे आपल्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही. आई-आजीकडे पाहून आपण ते शिकलो.

दिवाळी आणि नाताळ यांत साधारण दीड ते सव्वादोन महिन्यांचे अंतर असते. एका घरचा सण संपतो आणि दुसऱ्या घरचा येतो. आपल्या शहापूर-मुरबाडच्या भागात ख्रिस्ती घरे थोडी आणि विखुरलेली आहेत. कुणाचे घर आसनगाव-वासिंदच्या बाजूला, कुणाचे खर्डीकडे, तर कुणाचे माळशेजच्या रस्त्यालगतच्या गावात. अशा ठिकाणी नाताळ साजरा करायचा तो शेजाऱ्यांना सोबत घेऊनच. अनेक कुटुंबांचा हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध कुटुंबांशी दोन-दोन, तीन-तीन पिढ्यांचा घरोबा आहे. या घरोब्याकडे आपण केवळ रीतभात म्हणून पाहतो. आज आपण त्याकडे विश्वासाच्या दृष्टीने पाहू या. सणाचे ताट देणे आणि घेणे याविषयी पवित्र शास्त्र काय सांगते, आणि या ताटावरून आपल्या मनात येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे कशी शोधायची, हा या पाठाचा विषय आहे.

१. सण एकट्या घराचा नसतो

इस्राएल लोकांचा सर्वांत मोठा सण म्हणजे वल्हांडण. त्या सणाची पहिली आज्ञा निर्गमच्या बाराव्या अध्यायात आहे. प्रत्येक घराने एक कोकरू घ्यावे, असे देव सांगतो. पण लगेच पुढची सूचना येते: एखादे कुटुंब लहान असेल, एक कोकरू त्यांना जास्त होत असेल, तर त्यांनी आपल्या अगदी जवळच्या शेजाऱ्याला सोबत घ्यावे (१२:४). पहिल्याच वल्हांडणात शेजाऱ्याला जागा आहे! सणाचे जेवण घराच्या चार भिंतींत मावले नाही तर ते शेजारी न्यावे, ही देवाचीच योजना आहे.

आता लूकचा दुसरा अध्याय पाहू या. योसेफ आणि मरिया दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमला जात असत. 'दरवर्षी' हा शब्द लक्षात घ्यावा. येशू बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर तो मागे राहिला आणि आईबापांना ते दिवसभर कळलेच नाही. पुष्कळांना याचे नवल वाटते. एवढी मायाळू आई दिवसभर मुलाला कशी विसरली? पण लूक कारणही सांगतो. तो सोबतच्या लोकांत असेल असे त्यांना वाटले. संध्याकाळी त्यांनी नातेवाइकांत आणि ओळखीच्या लोकांत त्याचा शोध घेतला.

पवित्र कुटुंब एकटे प्रवास करीत नव्हते. दरवर्षी सणाला जाणारी घरे एकमेकांच्या सोबतीने चालत होती. त्या घरांवर मरिया आणि योसेफ यांचा इतका विश्वास होता, की आपला मुलगा त्यांच्यापैकी कुणाबरोबर तरी असेल म्हणून ते निश्चिंत होते. आपल्याकडेही हे घडतेच ना? आई दवाखान्यात असली की मुले शेजारच्या काकूंकडे जेवतात. पावसात गाडी बंद पडली की ओळखीच्या घरी रात्रीचा मुक्काम होतो. असा विश्वास एका दिवसात तयार होत नाही. वर्षानुवर्षे एकमेकांच्या सणाला गेल्याने तो तयार होतो. नाझरेथच्या घरालाही असे स्नेही होते, हे वाचून आपल्याला धीर येतो.

नीतिसूत्रांचे पुस्तक याच्याही पुढे जाते. आपल्या मित्राला सोडू नये एवढेच ते म्हणत नाही, तर आपल्या बापाच्या मित्रालाही सोडू नये असे बजावते. दूरच्या भावापेक्षा जवळचा शेजारी बरा, असेही तेथे सांगितले आहे (२७:१०). बापाने जोडलेली मैत्री ही मुलाला मिळालेली ठेव आहे. शेताचा सातबारा आपण जपून ठेवतो. वडिलांचा घरोबा मात्र कुठल्या कागदावर लिहिलेला नसतो. तो सांभाळला नाही तर एका पिढीत नाहीसा होतो.

२. एस्तेरच्या पुस्तकातील ताटे

सणाला एकमेकांकडे ताटे पाठवण्याची रीत पवित्र शास्त्रात स्पष्टपणे सांगितली आहे ती एस्तेरच्या पुस्तकात. राणी एस्तेर आणि मर्दखय यांच्यामुळे यहुदी लोकांवरचे मोठे संकट टळले. त्याची आठवण म्हणून 'पुरीम' हा सण ठरवण्यात आला. मर्दखयने सर्व प्रांतांतील आपल्या लोकांना पत्रे पाठवली आणि दरवर्षी काय करायचे ते कळवले (९:२०-२२). त्यात तीन गोष्टी आहेत: मेजवानी करून आनंद करावा, एकमेकांना पक्वान्नांचे वाटे पाठवावेत, आणि गरिबांना दाने द्यावीत. पुढे २८व्या वचनात चौथी गोष्ट येते. हे दिवस प्रत्येक पिढीत, प्रत्येक कुटुंबात, प्रत्येक गावात पाळले जावेत आणि त्यांचा विसर पडू नये.

या पत्राचा एक धागा आपल्या कोकणापर्यंत येऊन पोहोचतो. अलिबाग आणि आसपासच्या गावांत शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल लोक मराठी बोलणारे यहुदी. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ म्हणून शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आपल्या ठाणे शहरात १८७९ साली बांधलेले त्यांचे 'शआर हाशामाईम' म्हणजे 'स्वर्गाचे द्वार' हे सभास्थान आहे. पुरीमचा सण फाल्गुनाच्या सुमारास, होळीच्या आगेमागे येतो. बेने इस्राएलांनी आपल्या मराठीत त्याला नाव दिले 'होळीचा सण'! त्यांनी होळीची पूजा केली नाही, आपला एक देवही सोडला नाही. पण शेजाऱ्यांना समजेल असे नाव सणाला दिले. आपला विश्वास न सोडता शेजाऱ्याच्या अंगणात कसे राहावे, याचा हा एक जुना मराठी नमुना आहे.

आपल्या ताटाचेही तसेच आहे. दिवाळीच्या करंजीकडे आणि नाताळच्या नेवरीकडे नीट पाहावे. तीच पारी, तेच खोबऱ्याचे सारण, कातणाने कापलेली तीच नक्षीदार कड. वसईकडे जी नेवरी नाताळला होते, तीच नेवरी गोव्यात हिंदू घरांत गणेश चतुर्थीला होते. गोवा आणि मंगळुरूच्या ख्रिस्ती घरांतल्या नाताळच्या फराळाला, म्हणजे 'कुसवारा'ला, नेवरीशिवाय शोभा नाही. ज्या मातीत आपण वाढलो तिथलेच तांदूळ, गूळ, नारळ आपण देवाच्या पुत्राच्या जन्माचा आनंद सांगण्यासाठी वापरतो. शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला (योहान १:१४), हे आपण नाताळला ऐकतो. तो आपल्यामध्ये राहिला, म्हणजे आपल्या शेजारातही राहिला.

३. दिवाळीचा फराळ आणि देवळातला प्रसाद

आता त्या प्रश्नाकडे वळू या, जो अनेकांच्या मनात असतो पण विभागसभेत कोणी मोठ्याने विचारत नाही. शेजारून ताट येते. त्यात लाडू, चकली, करंजी असते. कधी त्यासोबत सत्यनारायणाचा शिराही असतो. आपण तो खावा का? काही घरांत आजी खाते आणि सून खात नाही. काही जण हसून घेतात आणि दार लावल्यावर टाकून देतात. काहींनी तर याच भीतीने शेजारी जाणेच सोडले आहे.

करिंथच्या ख्रिस्ती लोकांपुढे जवळजवळ हाच प्रश्न होता. संत पौलाने त्याला पहिल्या पत्रात दोन ठिकाणी उत्तर दिले आहे (अध्याय ८ व १०). सावकाश वाचल्यास त्यात चार पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी: देव एकच आहे. मूर्तीला स्वतःचे असे काही सामर्थ्य नाही. म्हणून अन्न आपल्याला देवाजवळ नेत नाही आणि देवापासून दूरही करीत नाही (८:४-८). अन्नाला घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी: विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पुढे वाढलेले खावे, उगाच चौकशा करीत बसू नये (१०:२७). दिवाळीचा फराळ या पायरीवर बसतो. तो सणाचा आनंद म्हणून घरी केलेला खाऊ आहे. तो आनंदाने घ्यावा आणि देवाचे आभार मानून खावा.

तिसरी पायरी: हे नैवेद्य दाखवलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या आणि सद्सद्विवेकाच्या कारणास्तव ते खाऊ नये, असे पौल म्हणतो (१०:२८-२९). यरुशलेमच्या सभेनेही अन्यधर्मीयांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना मूर्तीला वाहिलेले पदार्थ टाळण्यास सांगितले होते (प्रेषितांची कृत्ये १५:२९). यामागचा हेतू असा, की आपण दोन वेद्यांची उपासना करतो असे कोणाला वाटू नये. प्रभूचे मेज एकच आहे (१०:२१).

चौथी पायरी: या सगळ्याच्या वर प्रीती आहे. आपल्याला मोकळीक आहे म्हणून दुर्बळ विश्वासाच्या बांधवाला अडखळण होईल असे वागू नये (८:९-१३). खाणे असो, पिणे असो, जे काही करायचे ते देवाच्या गौरवासाठी करावे आणि कोणालाही ठेच लागू देऊ नये, मग तो यहुदी असो, ग्रीक असो वा देवाच्या मंडळीतला असो (१०:३१-३२).

या चार पायऱ्यांवरून आपल्या घरासाठी काही गोष्टी स्पष्ट होतात. फराळ आणि प्रसाद यांत फरक आहे. फराळ नि:शंक मनाने घ्यावा. प्रसादाच्या बाबतीत स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हे खाणे म्हणजे उपासनेत भाग घेणे आहे, असे माझे मन मला सांगते का? माझ्यामुळे माझ्या मुलांचा किंवा एखाद्या नवख्या विश्वासणाऱ्याचा गोंधळ उडेल का? आणि मी नाही म्हटल्याने स्नेह्याचे मन दुखावेल तर मी ते प्रेमाने कसे सांगू शकेन? मनात शंका राहिली तर फादरांशी बोलावे.

नाही म्हणायचे असेल, तर ते दोन्ही हात जोडून, खऱ्या शब्दांत म्हणावे. "वहिनी, आमच्या धर्मात हे घेत नाहीत, पण तुमचा लाडू मात्र मी आत्ताच खाणार" असे म्हटल्याने कोणी रागावत नाही. जुन्या स्नेह्यांना आपले नियम माहीत असतात. आपण गुरुवारी त्यांच्याकडे मटण नेत नाही, तसेच तेही आपल्याला समजून घेतात. मात्र तोंडावर घेऊन मागच्या दाराने टाकून देणे यात सत्यही नाही आणि प्रीतीही नाही. अन्नाचा तर अपमान होतोच.

स्नेह्यांच्या घरी पूजा चालू असताना आपण आदराने बसावे, पण पूजाविधीत भाग घेऊ नये. आरती झाल्यावर गप्पा माराव्यात, घरातल्या वडीलधाऱ्यांची विचारपूस करावी. खरा स्नेह तेथेच असतो.

४. आपल्या दारी आलेले पाहुणे

घेण्याचा विचार झाला, आता देण्याचा करू या. नाताळला स्नेही कुटुंब आपल्याकडे येते. त्यांच्या मनाचा विचार आपण केला पाहिजे.

• जेवण. पंचवीस डिसेंबर हा दिवस कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात. मार्गशीर्षातले गुरुवार अनेक बहिणी महालक्ष्मीच्या व्रताचे म्हणून पाळतात. गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी काका मांस-मद्याला कधीच शिवत नाहीत. म्हणून आधी विचारावे, वेगळ्या भांड्यात शाकाहारी स्वयंपाक करावा, अंड्याचा केक असेल तर तसे सांगावे, आणि केकमध्ये रम घातली असेल तर तेही लपवू नये. मुस्लिम स्नेह्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. आपल्यासाठी कोणी विचारपूर्वक रांधले आहे हे पाहुण्याला लगेच कळते.

• मध्यरात्रीची मिस्सा. काही स्नेही प्रेमाने मिस्सेला येतात. सर्वांबरोबर रांगेत उभे राहून तेही ख्रिस्तशरीर घेण्यासाठी पुढे येतात, कारण त्यांना वाटते हा प्रसाद आहे. त्यांचा यात काही दोष नाही. आपणच त्यांना आधी सांगितलेले नसते. पवित्र ख्रिस्तशरीर हे ख्रिस्तसभेच्या विश्वासात सहभागी असलेल्यांसाठी आहे. वल्हांडणातही शेजाऱ्याला सोबत घेण्याची आज्ञा होती, आणि ज्यांनी कराराची खूण स्वीकारली नाही त्यांनी ते कोकरू खाऊ नये असेही सांगितले होते (निर्गम १२:४३-४८). म्हणून मिस्सेपूर्वीच घरी प्रेमाने समजावून सांगावे, मिस्सेत त्यांच्या शेजारी बसावे, काय चालले आहे ते हळू आवाजात सांगावे. मिस्सेनंतर गोठ्याजवळ त्यांच्याबरोबर प्रार्थनेला उभे राहावे. संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात नाताळचा गोठा उभारला तो सर्व गावाला बेथलेहेम पाहता यावे म्हणूनच. गोठ्यापुढे येण्यास कोणालाही मनाई नाही.

• हेतू. हा मुद्दा नाजूक आहे, पण सांगितला पाहिजे. आजकाल ख्रिस्ती माणसाने काही दिले की त्यामागे धर्मांतराचा डाव आहे अशी शंका घेतली जाते. ही शंका आपल्याला दुखावते. तिचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे निर्मळ हेतू. ताटाखाली पत्रक ठेवू नये. कोणी आपण होऊन येशूविषयी विचारले, तर आपल्या आशेचे कारण सौम्यतेने आणि आदराने सांगावे (१ पेत्र ३:१५-१६). विचारले नाही, तर नेवरी ही नेवरीच असू द्यावी. प्रेमाने दिलेली नेवरी स्वतःच बोलते.

ख्रिस्तसभेची शिकवणही हीच आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नॉस्त्रा एताते' हे घोषणापत्र प्रसिद्ध केले आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याला ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे जाहीर केले. त्याच्या आधीच्या वर्षी, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप पॉल सहावे आपल्या मुंबईत आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. १९९५ पासून दरवर्षी व्हॅटिकनमधून जगातील हिंदू बांधवांना दिवाळीच्या शुभेच्छांचा संदेश पाठवला जातो. 'संवाद आणि घोषणा' या १९९१ सालच्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात आंतरधर्मीय संवादाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यातला पहिला कोणता? विद्वानांची चर्चा नव्हे. पहिला आहे जीवनाचा संवाद: शेजारी म्हणून मोकळेपणाने राहणे, एकमेकांची सुखदुःखे वाटून घेणे. म्हणजे आपल्या माताभगिनी ताटावर विणलेला रुमाल टाकून शेजारी जातात, तेव्हा त्या ख्रिस्तसभेचेच काम करीत असतात!

५. जे ताट परत येणार नाही

येथवर सर्व गोड आहे. पण प्रभू येशू आपल्याला एवढ्यावर थांबू देत नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात तो यजमानाला म्हणतो, की मेजवानी करशील तेव्हा मित्रांना, भावांना, नातेवाइकांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. गरिबांना बोलाव, कारण त्यांच्याजवळ फेड करायला काही नाही.

मग आपली देवाणघेवाण चुकीची ठरते का? नाही. येशू स्वतः बेथानीला मार्था, मरिया आणि लाझर या स्नेह्यांच्या घरी जेवत होता. पण आपल्या मराठीत एक म्हण आहे: हात ओला तर मैतर भला. मैत्री जेव्हा नुसता हिशेब होते, त्यांनी पाच लाडू पाठवले म्हणून आपणही पाच नेवऱ्या, त्यांनी यंदा पाठवले नाही म्हणून आपणही नाही, तेव्हा येशूचे शब्द आपल्याला टोचले पाहिजेत. एस्तेरच्या पत्रातही एकमेकांना वाटे पाठवण्याला लागूनच गरिबांची दाने आहेत. नहेम्याही लोकांना सणाच्या दिवशी सांगतो, की ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही त्यांना वाटे पाठवा (८:१०).

आपल्या भागात असे कोण आहेत? डोळ्यांसमोर लगेच कातकरी बांधव येतात. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे घराला कडी लावून वीटभट्ट्यांवर जातात. कोणी भिवंडी-कल्याणच्या बाजूला, कोणी आपल्याच तालुक्यातल्या भट्टीवर. पावसाळ्याच्या तोंडावर ती परततात. आधी घेतलेली उचल फेडायची असते. आपला नाताळ येतो तेव्हा पाड्यावरची कितीतरी घरे बंद असतात. म्हणजे ज्यांच्याशी आपला गावातला शेजार आहे, ते आपल्या सणाच्या दिवशी शेजारी नसतातच! त्यांचे ताट पाड्यावर पोहोचवून चालणार नाही, ते भट्टीवर न्यावे लागेल.

आणि तेथे नुसते गोड नेऊ नये. बसावे, विचारपूस करावी. वेठबिगारी १९७६च्या कायद्याने बंद झाली आहे. उचलीपायी कोणाला अडकवून ठेवले असेल, तर ते बेकायदा आहे आणि त्याची तक्रार तहसीलदारांकडे करता येते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला २००९च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुले शाळेत जातात का, हे विचारावे, आणि जात नसतील तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींशी बोलावे. भट्टीवरच्या झोपडीला 'भोंगा' म्हणतात. विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी 'भोंगा शाळा' चालवल्या, तेव्हा शाळाच मुलांपर्यंत चालत गेली. आपला बाळ येशूही घरापासून दूर, प्रवासात, गव्हाणीत जन्मला. नावनोंदणीसाठी गाव सोडलेल्या कुटुंबाचे ते मूल होते. भट्टीवरच्या बाळाकडे पाहताना आपल्याला हे आठवले नाही, तर आपला गोठा कितीही सुंदर सजवला तरी अपुराच राहील.

हे काम एकट्याने करण्याची गरज नाही. ज्या स्नेही कुटुंबाशी आपला घरोबा आहे, त्यांनाच सोबत घ्यावे. दोन धर्मांची दोन घरे मिळून तिसऱ्या घरी गेली, तर त्यांची मैत्री अधिक घट्ट होते, आणि कोणाला शंका घ्यायलाही जागा राहत नाही.

६. ताट कोणाच्या हाती द्यायचे?

शेवटचा मुद्दा मर्दखयच्या पत्राचा: प्रत्येक पिढीत, प्रत्येक कुटुंबात. आज आपली मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी कल्याण, बदलापूर, मुंबईला जातात. पहाटेच्या कसारा लोकलने जाणारा मुलगा रात्री उशिरा परततो. शेजारच्या घरी कोण कोण आहे, हे त्याला नीट माहीतही नसते. सणाच्या शुभेच्छा मोबाइलवरून एका क्षणात शंभर जणांना जातात, पण त्या शंभरांपैकी एकाच्याही ओट्यावर आपण बसलेलो नसतो. आजी गेली की तिचे स्नेहीही हळूहळू तुटतात. कोणाचे भांडण झालेले नसते. ताट नेणारे पाय थांबलेले असतात, एवढेच.

आणि हे नुकसान केवळ गोडधोडाचे नाही. उद्या गावात कोणी अफवा पसरवली, कोणी धर्माच्या नावाने आगलावे बोलले, तर "थांबा, त्यांना आम्ही लहानपणापासून ओळखतो" असे म्हणणारा कोण असेल? ज्याने आपल्या ओट्यावर बसून नेवरी खाल्ली आहे, तोच. आणि शेजाऱ्यावर तशी वेळ आली, तर आपणही पुढे झाले पाहिजे.

म्हणून यंदा ताट मुलांच्या हाती द्यावे. त्यांच्याबरोबर जावे आणि ओळख करून द्यावी: ही काकू, आईच्या बाळंतपणात हिने आपल्या घरी स्वयंपाक केला, हे काका, आजोबांच्या अंत्ययात्रेत यांनी खांदा दिला. मुलांना घरोब्याची गोष्ट कळली, तर ती आपण होऊन ताट नेतील. जी मुले दूर राहतात त्यांनी नाताळच्या सुटीत किमान एका जुन्या स्नेह्याच्या घरी जाऊन यावे. पौष पौर्णिमेला म्हसा गावाची यात्रा भरते, तेव्हा स्नेह्यांनी बोलावले तर यात्रेच्या बाजारात त्यांच्याबरोबर फिरायला मुलांना जरूर पाठवावे.

विभागसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबाचा सर्वांत जुना घरोबा कोणत्या घराशी आहे? तो कोणी, कशातून जोडला?
२. फराळ आणि प्रसाद यांबाबत आपल्या घरात काय रीत आहे? संत पौलाच्या चार पायऱ्यांच्या प्रकाशात ती कशी दिसते?
३. एखाद्या घराशी आपले जाणे-येणे थांबले आहे का? ते पुन्हा सुरू करण्यासाठी पहिले पाऊल कोणी टाकावे?
४. आपल्या विभागाजवळ कोणती वीटभट्टी आहे? तेथे कोणत्या गावची कुटुंबे आहेत?

या आगमनकाळाचा संकल्प

घरात असलेली शेजाऱ्यांची ताटे आणि डबे आज बाहेर काढावेत. ती घासूनपुसून नाताळसाठी तयार ठेवावीत. त्यांच्याबरोबर एक ताट जास्तीचे ठेवावे, जे परत येणार नाही अशा घरासाठी. आणि ती ताटे कोण कोठे नेईल, हे मुलांना सोबत बसवून ठरवावे.

प्रार्थना करू या

हे प्रेमळ पित्या, तुझा पुत्र आमच्यामध्ये राहण्यास आला आणि आमच्या माणसांच्या पंगतीत बसला. आमच्या आईवडिलांनी जोडलेल्या स्नेह्यांबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. त्यांच्या घरावर तुझा आशीर्वाद असू दे. देताना आमचा हेतू निर्मळ ठेव, घेताना आमचे मन नम्र ठेव. जे सणाच्या दिवशीही घरापासून दूर राबत आहेत, त्यांच्या दारी जाण्याची बुद्धी आम्हाला दे. आणि हा घरोबा आमच्या मुलाबाळांच्या हाती सुखरूप पोहोचू दे. आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्याद्वारे आम्ही ही प्रार्थना करतो. आमेन.